फोटोखालच्या पाच ओळी

ही गोष्ट घडली तेव्हा बायकोला लेकीकडे, पुण्याजवळ मोशीला, जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. नात झाली, लेकीची रजा संपली, जावयाच्या शिफ्टा फिरत्या, पाळणाघराला कुणाचं मन होईना. तेव्हा ती 'दोन-तीन महिने' म्हणून गेली. जाताना तिने चारच साड्या नेल्या होत्या. पुढे मी जाईन त्या खेपेला आणखी दोन-दोन पोचवत गेलो, आणि एक दिवस कपाटातला तिचा कप्पा रिकामा झालेला माझ्या लक्षात आला. मी त्यात जुने ब्रश आणि रंगाचे डबे ठेवून दिले. रिकामा कप्पा उघडायला बरा वाटत नव्हता.

मी बोरी बुद्रुकला राहतो. हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालो. रान वाट्याने दिलेलं आहे. दिवस कसाही जातो. सकाळी दूध आणायचं, पेपर वाचायचा, रानात एक चक्कर मारायची, कुणी बांधावर भेटलं तर दोन शब्द बोलायचे. अवघड असते ती संध्याकाळ. आमच्या घराच्या तिन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की जो तो दार लावून घेतो. जेवणं झाल्यावर एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसायची रीत होती, ती बिबट्याने मोडली. साडेसहाला मी दाराची कडी घालायचो आणि मग सकाळपर्यंत माझा आवाज माझ्याच कानावर पडायचा नाही.

हे ओळखून असेल किंवा आपलं असंच असेल, लेकीने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला आणि एका कंपनीचं घरबसल्या करायचं काम लावून दिलं. "पप्पा, तुमच्याच जोगतं आहे," ती म्हणाली. "फोटो येतात. खाली मराठीत चार-पाच वाक्यं असतात. फोटोत जे दिसतं त्याच्याशी वाक्य जुळतंय का बघायचं. जुळत नसेल तर खूण करायची, का जुळत नाही ते लिहायचं."

खरोखरच माझ्याजोगतं काम होतं. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? वह्यांचे गठ्ठे पुढे घेऊन बसलो आणि लाल पेनाने गोल करत गेलो. बाजाराचे फोटो यायचे, देवळांचे यायचे, पंगतींचे, बैलांचे. 'तीन बैल' लिहिलेलं असायचं आणि चौथ्याचं शिंग कोपऱ्यात दिसायचं. मला ते लगेच दिसायचं. मी पाठवलेलं काम वर कुणीतरी तपासायचं. ते कोण, बाई की बुवा, कुठल्या गावचं, काही कळायला मार्ग नव्हता. फक्त एका चौकटीत 'बरोबर' असा शब्द यायचा. खोटं कशाला सांगू, त्या एका शब्दाची मी दिवसभर वाट बघायचो.

एके दिवशी एका गाडीचा फोटो आला. परदेशातली असावी. घाटासारखा वळणाचा रस्ता, कडेला उंच सरळ झाडं, आणि त्यांच्याखाली एक बसकी, चकचकीत गाडी, मागून आणि थोडी बाजूने दिसणारी. खाली लिहिलं होतं :

'काळ्या रंगाची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार रस्त्याच्या कडेला उभी आहे. गाडीला चार दरवाजे आहेत. मागच्या बाजूला सायलेन्सरची दोन टोके दिसत आहेत. भर दुपारची वेळ आहे. गाडीत कोणीही नाही.'

गाडी काळी नव्हती. लांबून काळी वाटत होती, पण जिथे उन्हाची तिरीप पडली होती तिथे पत्र्याची कड गर्द हिरवी दिसत होती, बाटलीच्या काचेसारखी. ही झाली एक. दरवाजे दोनच, ही दुसरी. तिसरी सापडली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. झाडांच्या सावल्या अख्खा रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर चढल्या होत्या. भर दुपारी सावली पायाशी असते. ही वेळ सकाळची तरी किंवा दिवस कलल्यानंतरची तरी. हे मी पाचवीच्या पोरांना शिकवत आलेलो. तिन्ही चुका नीट लिहून पाठवल्या आणि चहा करून घेतला.

दुपारी उत्तर आलं : 'पाच चुका आहेत. तीन मिळाल्या. पुन्हा पाहा.'

हे असं पहिल्यांदाच झालं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. वाक्यं तोंडाने म्हणून पाहिली. सायलेन्सर? गाडीच्या मागे खालच्या बाजूला दोन काळ्या खाचा स्पष्ट दिसत होत्या. कोणी नाही? नव्हतंच कोणी. काचेवर आभाळ आणि फांद्या उमटल्या होत्या, त्यामागे नुसता अंधार होता. रस्त्याची कडही होती. मग चुका कुठे होत्या? मी चष्मा पुसला. उठून रानात चक्कर मारून आलो. आल्यावर पुन्हा पाहिलं. तपासणाऱ्याचंच चुकलं असणार, असं ठरवून टाकलं. पण ते मनाला काही पटेना.

संध्याकाळी बायकोचा फोन असतो. आमचं बोलणं ठरलेलं : जेवण झालं का, गोळी घेतली का, पाणी आलं का, दार लावलं का. त्या दिवशी माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं, म्हणून मी सगळं रामायण सांगितलं. रंग, दरवाजे, सावल्या. ती ऐकत होती. मागे नातीची बडबड चालली होती.

"तीन सापडल्या ना? मग बास की," ती म्हणाली.

"बास काय? पाच आहेत म्हणे. दोन राहिल्यात अजून. मला काय दिसत नाही असं?"

तिने नातीला काहीतरी सांगितलं. मग म्हणाली, "बरं काम मिळालं तुम्हाला. फोटोच्या मनाला काही लागत नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. ठेवते आता. हिला भरवायचंय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढून घेतला आणि मोटरसायकल काढली. नारायणगावावरून हायवेला लागलो आणि कळंबला गेलो. तिथे रस्त्यालाच माझी एक जुनी विद्यार्थिनी बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करते. जाता-येता पाटी वाचली होती, आत कधी गेलो नव्हतो. चाळिशीच्या अलीकडची असेल. पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, हाताला काळं लागलेलं. मला पाहून तिने हातातला पाना खाली ठेवला.

"सर! तुमी? या की. बसा. गाडी बिघडली का काय?"

"गाडी नाही. एक फोटो दाखवायचाय."

तिला आश्चर्य वाटलं असेल, पण तसं तिने दाखवलं नाही. फडक्याला हात पुसून मोबाइल घेतला. मी कामाची थोडी माहिती दिली. ती खालच्या ओळी ओठ हलवत वाचू लागली, आणि तिसऱ्या ओळीवर थांबून हसली.

"सर, बॅटरीच्या गाडीला सायलेन्सर कुठनं आला? इंजिन न्हाई, धूर न्हाई, तर नळी कशाला लावत्याल? ह्यांनीच वर लिव्हलंय इलेक्ट्रिक म्हणून आन ह्येच म्हणत्यात सायलेन्सर."

"मग ह्या दोन खाचा?"

"त्या नुसत्या वारं जायला. शोभेच्या म्हना."

 दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडत होती आणि मी ती वीस वेळा वाचली होती. शब्दावर शब्द ठेवून तपासणारा मी.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "ती तुलाही सापडायची नाही. मी कालपासून बघतोय."

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. काचेवर आणला. मोबाइल तिरका करून, उन्हाला पाठ करून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "अवो सर, ह्यात माणूस हाय की."

"कुठे? ते सीटचं डोकं टेकायचं असतं ना, ते आहे ते."

"न्हाई ना. असल्या गाड्यांच्या शिटीला वर येगळं काय बसवत न्हाईत, समदं एकसंध असतं, खालपासनं वरपत्तुर. ही बगा, ही रिकामी शीट. तिला हाय का वर काय? न्हाई. मग ह्या दुसरीच्या वर गोल काय? आन ह्ये बगा, बारीक चमकतंय. चष्म्याची दांडी हाय ती."

तिच्या बोटाखाली ते मला दिसलं. एकदा दिसल्यावर दिसेनासं होईना. काचेवरच्या फांद्यांच्या मागे कुणीतरी बसलं होतं. बाई की पुरुष, म्हातारं की तरुण, कळत नव्हतं. मान थोडी खाली, मांडीवर काही असावं तशी. गाडी थांबवून चालवणारा उतरून कुठेतरी गेला असणार आणि हे माणूस बसून राहिलं असणार. 'गाडीत कोणीही नाही' असं लिहिलेलं होतं आणि ते मला लगेच पटलं होतं.

"तुझी नजर चांगली आहे," मी म्हणालो.

तिने चहा सांगितला. चहा येईपर्यंत घरच्यांची विचारपूस झाली. अवसरीला इंजिनिअरिंगला जायचं तिच्या मनात होतं, ते जमलं नाही, मग आयटीआय केलं, हे तिने सांगितलं. मग स्कूटरच्या सीटवरची धूळ झटकता झटकता म्हणाली, "सर, तुमाला आठवत नसंल. आठवीत असताना तुमी 'आमचे शेत' असा विषय दिला व्हता. मी ट्रॅक्टर काढला व्हता."

मला आठवत नव्हतं.

"खालनं काढला व्हता. आमचे दादा ट्रॅक्टरखाली झोपून काम करायचे ना, मी पण त्यांच्या बाजूला झोपून पाने द्यायची. मला ट्रॅक्टर तसाच म्हाईत. चारी चाकं, मधला दांडा, ऑईलची टाकी, समदे नट मोजून काढले व्हते. तुमी लाल पेनानं लिव्हलं, 'ट्रॅक्टर असा दिसत नाही. पुन्हा काढा.'"

ती तक्रार करत नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती.

"मग काढलास पुन्हा?"

"काढला की. समोरनं. म्होरं दोन दिवे आन वर डायव्हर. धापैकी सात दिले तुमी."

"वाईट वाटलं होतं का तेव्हा?"

"तवा वाटलं व्हतं. लई वाटलं व्हतं," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्यापुढे केला. "घ्या सर, गार व्हईल."

तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत. निघताना तिने माझ्या मोटरसायकलच्या चाकात हवा भरून दिली.

घरी येऊन राहिलेल्या दोन चुका लिहून पाठवल्या. अर्ध्या तासाने चौकटीत 'बरोबर' आलं. मी तो शब्द पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

मग मला एकेक आठवायला लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत बायको किराण्याची यादी लिहून द्यायची. मी ती यादी खिशात घालण्याआधी पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचो. 'हळद पूड', 'जिरे', 'साबुदाणा'. तिच्या समोरच. गंमत म्हणून, असं मला वाटायचं. पुढे तिने यादी लिहिणंच सोडलं. तोंडी सांगायची, मी काही विसरून आलो तर स्वतः जाऊन आणायची. दिवाळीत ती पहाटे ओट्यावर ठिपक्यांची मोठी रांगोळी काढायची. दोन-दोन तास लागायचे. मी उठून यायचो, लांब उभा राहून डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "उजवीकडची पाकळी मोठी झालीय." एखाद्या वर्षी ती पुसून पुन्हा काढायची. मग एका दिवाळीला तिने बाजारातून चिकटवायची रांगोळी आणली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ह्याच्या पाकळ्या सारख्या असतात.

तेव्हा मला ते उत्तर सोयीचं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी कुणाला न कळवता मोशीला गेलो. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. मंचर गेलं, राजगुरुनगर गेलं, आणि मी काय बोलायचं ते मनात लिहीत होतो, खोडत होतो. दार तिनेच उघडलं. कडेवर नात. मला पाहून बायको घाबरली. "काय झालं? बरं नाही का?"

"बरा आहे. सहज आलो."

मी सहज कुठे जात नाही हे तिला माहीत होतं. तिने पाणी दिलं.

दुपारी नात झोपल्यावर ती गॅलरीत मेथी निवडायला बसली. मी जवळ जाऊन बसलो. खाली सिमेंटच्या गाड्या ये-जा करत होत्या. मनात लिहून आणलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"मी तुझ्या फार चुका काढल्या," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं नाही. "काढल्या."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? बोलताना एखादा शब्द चुकला असता, तर तुम्ही तोच धरला असता."

मला हसू आलं, आणि ते तोंडावर यायच्या आत गेलं. तिने एक जुडी संपवली, दुसरीचा दोरा सोडला.

"इथं आले तेव्हा पहिले आठ दिवस मला करमेना," ती म्हणाली. "घर आठवायचं. मग एक दिवस भाकरी करपली माझी. सगळ्यांनी खाल्ली आणि उठले. कुणी काही म्हणालं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. मला इतकं मोकळं वाटलं ना… नंतर मग घर आठवायचं कमी झालं."

हे ती मला दुखवायला सांगत नव्हती. ट्रॅक्टरचं सांगणाऱ्या त्या पोरीसारखंच होतं ते. झालं ते असं होतं, एवढंच.

"येतेस का माझ्याबरोबर?"

"आत्ता नाही."

"ही शाळेत जायला लागल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्ही येत जा अधूनमधून. पण आल्यावर गप बसायचं. भाजीत मीठ कमी असलं तर मीठ घ्यायचं."

"बरं," मी म्हणालो, आणि मेथीची एक काडी उचलली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी देठ फार खाली खुडत होतो, पण तिनेही काही म्हटलं नाही.

तीन दिवस राहिलो. नातीने हॉलच्या भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या होत्या. मला म्हणाली, "हत्ती." त्यात सोंड नव्हती, पाय नव्हते, काही नव्हतं. मी म्हणालो, "हो, हत्ती." बायको आत कणीक मळत होती. तिने दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आत वळली.

चौथ्या दिवशी ती मला हायवेपर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो.  एसटी आली तेव्हा तिने पिशवी वर दिली. "अंधार पडायच्या आत घरी पोचा," एवढं म्हणाली. गाडी सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं, तोवर ती रस्ता ओलांडायला निघाली होती.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घर चार दिवस बंद, आत कोंदट वास. खिडक्या उघडल्या, झाडून काढलं, भात टाकला आणि वेळेत कडी घातली. लॅपटॉप उघडावासा वाटला नाही. कपाटातले ब्रश आणि रंगाचे डबे काढून बाहेरच्या फळीवर ठेवले, आणि तो कप्पा ओल्या फडक्याने पुसला. का पुसला ते सांगता येणार नाही. ती काही येणार नव्हती.

सातला तिचा फोन आला.

"पोचलात?"

"पोचलो."

"जेवणाचं काय?"

"भात टाकलाय. तू दिलेली चटणी आहे."

"दार लावलं?"

"लावलं."

ठरलेलं बोलणं संपलं. एरवी इथे ती 'ठेवते' म्हणायची. मी वाट पाहिली. ती म्हणाली नाही. तिने फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर कुठेतरी उभा करून ठेवला असावा, कारण मला नळाचं पाणी ऐकू आलं, मग भांड्यावर भांडं, मग कुकरची शिट्टी. नात काहीतरी मागत होती आणि ती तिला "थांब जरा" म्हणत होती.  माझा फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि ताट वाढून घेऊन त्याच्याजवळ बसलो.